विंचूमाशी : तिची ओळख व वनांतील राहणी

गेल्या जून महिन्यांत आमच्या संस्थेच्या एका जुन्या सभासदांनीं आपल्या चिरंजीवांचें पत्र व त्यासोबत आलेलीं चार छायाचित्रें आम्हांस आणून दाखविलीं. हे चिरंजीव मूळचे रायगड जिल्ह्यांतले. शेतकीची पदवी घेऊन सध्यां ते इंग्लंडांतील केंट परगण्यांत एका सफरचंदाच्या बागेवर काम करतात. बागेच्या एका अंगास जुनें वन असून मध्यें काटेरी झुडुपांचें दाट कुंपण आहे. त्या कुंपणाशीं गवत काढीत असतां त्यांच्या दृष्टीस एक विलक्षण किडा पडला. त्याला चार पंख होते, घोड्यासारखें लांब तोंड होतें, आणि पाठीवर वळवून धरलेली तांबूस नांगी होती! "बाबा, इकडच्या विंचवांना पंख फुटले आहेत," असें त्यांनीं लिहिलें होतें. हें वाक्य विनोदाचें असलें तरी पुढील मजकूर विनोदाचा नव्हता. सोबतच्या मजुरांनीं त्या बाजूस काम करण्याचें नाकारलें होतें, आणि कुंपणावर व वनाच्या कडेस कीटकनाशक औषध मारून घ्यावें अशी सूचना पुढें आली होती. औषध मारावें काय, व मारल्यास कोणतें, असा त्यांचा आम्हांस प्रश्न होता.

रायगडच्या माणसानें नांगी पाहून दोन पावलें मागें सरावें, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. कोंकणांतील तांबडा विंचू किती घातक आहे हें तिकडील पुष्कळ घरांनीं पोटचीं मुलें गमावून अनुभविलें आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत प्राझोसिन ह्या औषधाचा विंचूदंशावरील उपयोग दाखवून दिला, तेव्हांपासून ह्या मृत्यूंस पुष्कळ आळा बसला. असें असूनहि भीति मनांतून जात नाहीं, व जाऊंहि नये. मात्र भीति योग्य प्राण्याची बाळगावी. छायाचित्रांतील प्राणी विंचू नसून विंचूमाशी आहे. तिला विष नाहीं, दंश करण्याचें साधन नाहीं, आणि माणसाच्या वाटेस ती जात नाहीं.

मग ती नांगी कसली, असें वाचक विचारतील. विंचवाच्या शेपटीच्या टोंकास जो फुगीर भाग असतो त्यांत विषाच्या पिशव्या असून पुढें पोकळ काटा असतो. विंचूमाशीच्या टोंकाचा फुगीर भाग हा नराचा जननेंद्रियाचा कोश होय. त्यांत काट्याऐवजीं दोन आंकड्यांचा चिमटा असतो, व त्याचा उपयोग समागमाच्या वेळीं मादीला धरण्यासाठीं होतो. नर हा कोश पाठीवर वर वळवून धरतो, म्हणून सारा देखावा हुबेहूब विंचवासारखा दिसतो. विंचवाला आठ पाय असतात व पुढें खेंकड्यासारख्या नांग्या असतात. पंख कधींच नसतात. विंचूमाशीला इतर कीटकांप्रमाणें सहा पाय. एवढें मोजलें तरी पहिली भीति जावयास हरकत नाहीं.

येथें आम्ही आमचीहि एक चूक सांगून टाकतों. चार छायाचित्रांपैकीं तिघांत नांगी स्पष्ट होती. चौथ्यांतील किड्याचें शेपूट मागें निमुळतें होत गेलेलें व सरळ होतें. आम्हीं तो किडा निराळ्याच जातीचा ठरवून बाजूस ठेवला. दुसऱ्या दिवशीं भिंगाखालीं पाहिल्यावर ध्यानांत आलें कीं, तो त्याच जातीची मादी आहे. नांगी फक्त नरासच असते. जो केवळ नांगी पाहून विंचूमाशी ओळखूं जाईल त्याच्या हातून निम्म्या माश्या निसटतील. खरी खूण आहे ती तोंडाची. डोळ्यांच्या खालीं डोकें चोंचीसारखें लांबट होत खालीं उतरतें व त्या चोंचीच्या अगदीं टोंकास लहान जबडे असतात. नर असो वा मादी, ही चोंच दोघांसहि असते, आणि भिंगाशिवायहि ती दिसूं शकते. दुसरी खूण पंखांची. चारहि पंख जवळजवळ सारख्या लांबीचे, अरुंद, पारदर्शक, व त्यांवर काळसर तपकिरी ठिपके किंवा पट्टे. बसतांना माशी ते मिटून घट्ट गुंडाळीत नाहीं. मागें तिरपे पसरून ठेवते. शृंगें लांब, बारीक, पुष्कळ सांध्यांचीं. केंटमधील माशीचें अंग पिंवळें-काळें असून पंखांचा विस्तार सुमारें सव्वा इंच भरतो. क्रायसोपाला शेतकरी ओळखतात. तिचे पंख हिरवट, निष्कलंक व पाठीवर छपरासारखे मिटलेले असतात, शिवाय चोंच नसते. त्यामुळें त्या दोघींत घोटाळा होण्याचें कारण नाहीं.

इंग्लंडांत आढळणाऱ्या ह्या सामान्य जातीस स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ सालीं पॅनोर्पा कम्युनिस असें नांव दिलें. ब्रिटनमध्यें पॅनोर्पाच्या तीन जाति आहेत. पंखांवरील ठिपक्यांवरून त्या वेगळ्या करण्याचा मोह होतो, परंतु हे ठिपके एकाच जातींत कमीअधिक असतात. खात्री करावयाची तर नराच्या त्या कोशाची घडणच सूक्ष्मदर्शकांतून पाहावी लागते. ह्या तिघींची एक चौथी, अगदीं निराळी दिसणारी नातलग तेथें आहे. ती एक-दोन दशमांश इंच लांबीची, जवळजवळ बिनपंखाची असून ऐन हिवाळ्यांत शेवाळावर, प्रसंगीं बर्फावरहि, उड्या मारीत फिरते व शेवाळच खाते. ह्या सर्वांच्या गणास मेकॉप्टेरा म्हणतात. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ लांब पंखांचे. बिनपंखी माशी लांबपंखी गणांत कशी, असें कोणी विचारील, पण नांव ठेवणारांनीं तिची संमति घेतली नव्हती.

हा गण फार प्राचीन आहे. जगांत आज त्याच्या सहाशेंहून अधिक जाति ठाऊक आहेत, ही संख्या कीटकांच्या हिशेबीं अल्पच होय. पण पंचवीस कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत त्याचे अवशेष मिळतात. २००९ सालीं चीनमधील डोंग रेन व त्यांचे सहकारी यांनीं अशा कांहीं जुन्या विंचूमाश्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें कीं, ज्यांचें तोंड लांब नळीसारखें होतें. फुलझाडें पृथ्वीवर पसरण्यापूर्वीं ह्या माश्या सूचिपर्णी व तत्सम वृक्षांचा गोड रस पीत असाव्यात व त्यांचे पराग इकडून तिकडे नेत असाव्यात, असें त्यांचें अनुमान आहे. आणखी एक नातें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पिसू ही ह्याच गणांतून फुटलेली शाखा असावी, असें अलीकडील पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. नेमकी कोणत्या शाखेपासून, ह्याविषयीं मात्र त्यांच्यांत एकमत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें जो हाहाकार केला त्यांत उंदराच्या पिसवेनें केलेली कामगिरी आठवली, म्हणजे एकाच घराण्यांत किती भिन्न वळणाचीं माणसें निपजतात हें ध्यानांत येतें!

आतां राहणीकडे वळूं. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत केंटमध्यें ही माशी दिसते. भर उन्हाचें उघडें रान तिला रुचत नाहीं. वनाची कड, ओलसर सांवलीचें कुंपण, काळीं फळें धरणाऱ्या ब्रॅम्बलच्या काटेरी जाळ्या, व अंगास लागतांच आग करणाऱ्या नेटल नांवाच्या झाडांचे ताटवे हीं तिचीं आवडतीं ठिकाणें. तिचें उड्डाण दुबळें आहे. हांकलली तर चार-सहा हात तरंगत जाऊन पुन्हा पानावर बसते. बसण्याची जागा साधारणतः कमरेच्या उंचीपर्यंतची असते, म्हणून गवत काढणाऱ्या माणसाच्या नजरेस ती सहज पडते.

अन्नाच्या बाबतींत ती शिकारी नव्हे. मेलेले व मरणोन्मुख किडे हें तिचें मुख्य खाद्य. फुलांतील मध, पराग, पिकून सडलेलें फळ ह्यांवरहि ती बसते. पण झाडावरील शाबूत फळास ती अपाय करीत नाहीं, आणि कोणत्याहि पिकाची कीड म्हणून तिची गणना होत नाहीं. आतां मेलेले किडे वनांत मिळावेत कोठें? जमिनीवर पडलेला किडा मुंग्या क्षणांत ओढून नेतात. तेव्हां ही माशी जाते ती थेट कोळ्याच्या दुकानीं. कोळ्यानें जाळें विणावें, दिवसभर दबा धरावा, माशी धरून सुतांत गुंडाळून ठेवावी, आणि ह्या बाईनें येऊन ती खात बसावें! आयत्या बिळांत नागोबा म्हणतात तो हाच प्रकार. कोळ्याच्या चिकट सुतावर इतर कीटकांची जी गत होते ती हिची सहसा होत नाहीं. अमेरिकेंतील रँडी थॉर्नहिल ह्या शास्त्रज्ञानें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असें दाखविलें कीं, पाय गुंतलाच तर विंचूमाशी तोंडांतून एक तपकिरी द्रव सुतावर सोडते, त्यानें सूत विरतें व पाय मोकळा होतो. तरीहि हा धंदा जोखमीचा आहेच. कोळ्यांच्या हातीं मरणाऱ्या विंचूमाश्यांत नरांचें प्रमाण अधिक असतें, आणि त्याचें कारण पुढें येईल.

नराला अन्न केवळ स्वतःच्या पोटासाठीं नको असतें. विवाहाच्या बाजारांत त्याची पत त्या अन्नावर ठरते. मेलेला किडा सांपडला म्हणजे नर त्याचा ताबा घेतो, आजूबाजूच्या नरांस हुसकून लावतो, आणि पंख हलवीत तेथेंच उभा राहून शेपटीच्या कोशांतून एक गंध सोडतो. त्या गंधावर मादी येते. ती तो किडा खाऊं लागली म्हणजे समागम घडतो. किडा मिळवितां आला नाहीं तर नर आपल्या लाळेचा घट्ट होणारा गोळा पानावर काढून ठेवतो व मादीला तो खाऊं घालतो. ही लाळ फुकटची नव्हे; पोटभर खाल्लेल्या नरासच ती पुरेशी करतां येते. आणि ज्याच्यापाशीं किडाहि नाहीं व लाळहि नाहीं असा नर कधीं कधीं पाठीवरील एका चिमट्यासारख्या अवयवांत मादीचा पंख पकडून बळजबरी करूं पाहतो. मादी अशा नरापासून निसटण्याची धडपड करते व पुष्कळदां निसटतेहि. थॉर्नहिल यांनीं पिंजऱ्यांत मेलेले रातकिडे कमीअधिक ठेवून हे प्रकार तपासले. मोठे नर रातकिडे बळकावीत, मधले लाळेवर भागवीत, व लहान नर रिकाम्या हातीं राहत. स्पर्धा हटविली कीं, मागें पडलेला नरहि वरचा मार्ग धरी. म्हणजे वाममार्ग हा त्याचा जन्मजात स्वभाव नसून परिस्थितीचा परिणाम होता. असो. एवढ्या अन्नाच्या शोधांत नराला कोळ्यांच्या जाळ्यांभोंवतीं अधिक हिंडावें लागतें, व तो अधिक मरतो, हें वर सांगितलेल्या प्रमाणाचें कारण होय.

ह्या वंशाची दुसरी मोठी शाखा म्हणजे लोंबत्या माश्यांची. ती केंटमध्यें नाहीं. पण तिच्यावांचून विषय अपुरा राहील. अंग सडपातळ, पाय कमालीचे लांब. पुढच्या पायांनीं फांदीस लोंबकळावें आणि मागच्या पायांनीं जवळून जाणारा किडा झेलावा, ही तिची रीत. तिच्या पायाचा शेवटचा सांधा आधींच्या सांध्यावर चाकूच्या पात्याप्रमाणें मिटतो, व एकच नखी असते. ओलसर जागीं भिंतीवर बसणारी डांसासारखी लांबटांगी माशी व ही, यांचा घोटाळा नेहमीं होतो. पंख मोजले कीं वाद मिटतो : लांबटांगीला दोन, हिला चार. पूर्व अमेरिकेच्या वनांतील अशा एका जातीचा नर मोठी शिकार धरून मादीपुढें करतो. शिकार लहान असली तर मादी कांहीं मिनिटांतच निघून जाते, व एवढ्या अल्प काळांत नराचें बीज तिच्यापर्यंत जवळजवळ पोंचतच नाहीं. चांगली मोठी असली तर सुमारें वीस मिनिटें ती राहते. त्यानंतर बहुधा नरच उरलेली शिकार हिसकावून घेतो, कारण ती दुसऱ्या मादीपुढें पुन्हा ठेवतां येते. ह्याहून मौज अशी कीं, कांहीं नर मादीच्या हालचालींची नक्कल करीत शिकारवाल्या नरापुढें जाऊन बसतात, आणि त्यानें भेट पुढें केली कीं ती घेऊन पळतात. स्त्रीपार्ट करणारे नट महाराष्ट्रास नवीन नाहींत, पण त्यांनीं कोणाचें ताट लांबविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मादी अंडीं घालते तीं ओलसर मातीच्या भेगांत. आठ-दहा दिवसांत त्यांतून सुरवंटासारख्या अळ्या निघतात. त्यांच्या पोटाच्या पहिल्या आठ भागांवर मांसल पाय असतात, आणि डोळे संयुक्त असतात. अळी-कोष-पंखी अशा अवस्था घेणाऱ्या कीटकांच्या अळ्यांत असे डोळे फार विरळा. अळी पातेऱ्याखालीं व मातीच्या वरच्या थरांत राहून मेलेले किडे खाते. चार अवस्था पूर्ण झाल्यावर ती खोल जाऊन मातीची लहानशी कोठडी करते. इंग्लंडांतील हिवाळा ह्या कोठडींत काढून वसंतांत ती कोष होते. ह्या कोषाचे जबडे हलते असतात. त्यांच्या साहाय्यानें तो माती उकरीत वर येतो व मग माशी बाहेर पडते. पातेऱ्यास आपण राबाचें जळण समजतों, पण ह्या माशीचें घर, पाळणा व भांडारगृह सर्व तेंच आहे.

आतां औषधाच्या प्रश्नाचें उत्तर. आम्हीं चिरंजीवांस लिहिलें कीं, औषध मुळींच मारूं नये. विंचूमाशी ही शेतकऱ्याची मैत्रीण आहे असें म्हणण्याचा मोह आम्ही टाळतों. ती मेलेल्यांस खाते, पिकावरील जिवंत किडीचा फडशा पाडीत नाहीं. परंतु तिच्यावर सोडलेलें औषध तिच्यापुरतें राहत नाहीं. त्याच कुंपणांत मावा खाणारे ढालकिडे आहेत, क्रायसोपाच्या अळ्या आहेत, कोळी आहेत, आणि जूनमध्यें ब्रॅम्बल फुलला असतां त्यावर मधमाश्यांची रीघ असते. निरुपद्रवी किड्याच्या भयानें हे सारे मारून पुढें सफरचंदावरील माव्यासाठीं आणखी औषध विकत घ्यावें, हा व्यवहार आंतबट्ट्याचा. शिवाय कायदाहि आड येतो. २०२४ सालीं इंग्लंडांत लागू झालेल्या कुंपणविषयक नियमांनुसार शेतीच्या कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटरांच्या आंत, कांहीं अपवाद वगळतां, कीटकनाशक वापरण्यास मनाई असून १ मार्च ते ३१ ऑगस्ट ह्या काळांत कुंपण छाटण्यासहि बंदी आहे. ही गोष्ट सूचना करणाराच्या ध्यानांत नसावी.

मजुरांची भीति उपदेशानें जाणार नव्हती. म्हणून आम्हीं असें सुचविलें कीं, कांचेच्या स्वच्छ बरणींत एक नर व एक मादी धरावी, सर्वांस दाखवावी, आणि मग बरणी उघडून नर स्वतःच्या तळहातावर चालूं द्यावा. ऑगस्टमध्यें दुसरें पत्र आलें. चिरंजीवांनीं तसें केलें होतें. पहिल्या वेळीं हात कांपला, असेंहि त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें आहे. त्यानंतर कुंपणाकडचें काम सुरळीत झालें, आणि मजुरांपैकीं एक बाई तर दुपारच्या सुटींत जाळ्यावरील चोरी पाहण्यास जाऊन बसूं लागल्या.

आपल्या देशांतहि ह्या माश्या आहेत. हिमालयाच्या उतारांवर, ईशान्येकडील वनांत, व दक्षिण सह्याद्रीच्या ओलसर रानांत त्यांची नोंद झालेली आहे. त्यांतील पुष्कळ जाति निओपॅनोर्पा ह्या प्रजातींत मोडतात. पंखांच्या मागील कडेजवळची एक शीर पॅनोर्पाच्या मानानें आंखूड असते, ह्या भेदावरून व्हान डर वील यानें १९०९ सालीं ती वेगळी काढली. लोंबत्या माश्याहि भारतांत आढळतात. ज्या सभासदांचीं शेतें घाटमाथ्याच्या रानास लागून आहेत त्यांनीं पावसाळ्यांत सांवलींतील झुडुपांवर नजर ठेवावी. छत्री उलटी धरून तिच्यावर फांदी हलकेच झटकावी. माशी छत्रींत पडली तर ती लगेच उडून जात नाहीं. किंवा पानावर एक मेलेली घरमाशी ठेवून थोड्या अंतरावर स्वस्थ बसावें.

सांपडलेला किडा ओळखीसाठीं आमच्याकडे पाठवावयाचा झाल्यास चिरडलेल्या स्थितींत पाकिटांत घालूं नये, कारण चोंच मोडली कीं ओळखच मोडते. छायाचित्र काढावयाचें तर एक वरून व एक बाजूनें काढावें, बाजूच्या चित्रांत डोकें व शेपूट दोन्हीं यावींत, आणि ठिकाण, तारीख व किडा कोणत्या झाडावर बसला होता हें सोबत लिहावें. नांगी असलेला किडा हातीं घेण्यापूर्वीं मात्र पंख आहेत कीं नाहींत, हें अगोदर पाहून घ्यावें.